थंडीतली जिओकॅश, बर्फाशिवाय: सातारा आणि महाबळेश्वरच्या नोंदी

७ डिसेंबर, सातारा

दोन डबे लपवायचे आहेत. खालचा यवतेश्वरच्या उताराखाली, ओळखीच्यांच्या खाजगी माळावर. वरचा महाबळेश्वरात लिंगमळ्याच्या बाजूला, मामांच्या स्ट्रॉबेरीच्या शेताच्या बांधावर. थंडी सरेपर्यंत दोन्ही टिकले पाहिजेत, आतली वही कोरडी राहिली पाहिजे आणि जागा कधी न पाहिलेल्या माणसाला नुसते अक्षांश-रेखांश आणि एका ओळीची खूण एवढ्यावर ते सापडले पाहिजेत.

जिओकॅशचा हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी डबा लपवतो आणि जागेचे आकडे जाहीर करतो. शोधणारा फोनच्या जीपीएसवर तिथे पोचतो, डबा हुडकतो, वहीत नाव-तारीख लिहितो आणि डबा होता तसा परत ठेवतो. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवतो.

सुरुवात भावामुळे झाली. तो ओटावाला असतो आणि तिथल्या बर्फात हा खेळ खेळतो. त्याने थंडीतल्या सूचनांचा मोठा मेसेज पाठवला. जमिनीलगतचा डबा बर्फाखाली जातो, म्हणून तिथे हिवाळ्यासाठी झाडाला टांगलेले किंवा उंचावरचे डबे निवडतात. शाईचं पेन गोठतं, पेन्सिल चालते. फोनची बॅटरी गारठ्यात भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात. झाकण गोठून बसलं तर ओढू नये, प्लास्टिक तडकतं. आणि आधी येऊन गेलेल्याची पावलं बर्फात उमटलेली असली तर ती थेट डब्यापर्यंत नेतात, शोधण्यातली मजा जाते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. वेण्णा तलावाच्या आसपास कडाक्याच्या थंडीत दव गोठतं तेवढंच. पण मला वाटतं इथली थंडी डब्याला सोपी नाही, तिच्या अडचणी फक्त वेगळ्या आहेत. त्या कुठे लिहिलेल्या सापडल्या नाहीत, म्हणून ही वही.

८ डिसेंबर

आज परवानग्या. माळाच्या मालकांनी दोन अटी घातल्या: गुरांच्या वाटेत नको आणि खणायचं नाही. खणून पुरलेला डबा मूळ खेळाच्या नियमांतही बसत नाही, त्यामुळे तंटा नव्हता. मामांची अट एकच, "वाफ्यात पाय नाही पडला पाहिजे. बांधानं या, बांधानं जा."

अजिंक्यताऱ्यावर एक डबा ठेवावा असं पुतणीच्या फार मनात होतं. त्यासाठी एका कार्यालयात अर्धा दिवस गेला. या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं आणि परवानगी नक्की कोणी द्यायची याचं उत्तर मिळालं नाही. लेखी परवानगीशिवाय किल्ल्यावर वस्तू ठेवायची नाही असं ठरवलं. कासचा तर विचारही केला नाही. ते राखीव जंगल आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि फुलांचा हंगाम संपला तरी त्या पठारावरचा पातळ मातीचा थर पायांनी तुडवला जातोच. धरणाची भिंत, एसटी स्टँड, पूल यांच्याजवळ बेवारस डबा म्हणजे पोलिसांना फोन. त्याही जागा बाद.

अजिंक्यताऱ्यासाठी वेगळी वाट काढली. गडावर डबा नाही, फक्त प्रश्न. तिथल्या एका फलकावरचे अंक टिपायचे, त्यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि त्यातून माळावरच्या डब्याचे शेवटचे आकडे काढायचे. गड चढणं होतं आणि तिथे काही टाकून यावं लागत नाही.

१० डिसेंबर

खरेदी. दोन प्रकारचे डबे, म्हणजे तुलना होईल.

चार बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणात रबरी कडं असलेला प्लास्टिकचा डबा, अर्धा लिटर: १९० रुपये. दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, एका टोकाला सॉल्व्हंटने चिकटवलेली कॅप, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण: सगळं मिळून १४० रुपये. प्लंबिंगच्या दुकानात पाइपचा तुकडा नुसता मागितला तर कापून देत नाहीत, उरलेला तुकडा आहे का असं विचारावं. सॉल्व्हंटचा वास जाईपर्यंत एक दिवस उघडा ठेवावा लागतो, नाहीतर वहीच्या कागदाला तो वास लागतो.

वही, पेन्सिली, झिपचे पाउच: ८५ रुपये. सिलिका जेलच्या पुड्या घरच्या बुटांच्या खोक्यांतल्या. ठेवायच्या वस्तू घरातल्याच: गोट्या, जुनं नाणं, मण्यांची माळ, दोन काचेच्या बांगड्या, चावीची साखळी. पुतणीला कंदी पेढ्याची पुडी ठेवायची होती. खाण्याचं काहीही ठेवायचं नाही. मुंग्या, उंदीर, माकडं, सगळ्यांना वास लागतो, आणि मूळ नियमांतही खाण्याला मनाई आहे.

१४ डिसेंबर, खालचा डबा

पाइपचा डबा माळावर ठेवला, करवंदीच्या जाळीत. वरून दिसत नाही, खाली वाकलं की दिसतो.

खरा वेळ आकडे घेण्यात गेला. वर कड्याची भिंत, एका बाजूचं आकाश झाकलेलं. उपग्रहांचे संकेत कड्यावर आपटून येतात आणि नकाशावरचा ठिपका नाचतो. फोन दगडावर ठेवून पाच मिनिटं थांबलं तरी आकडे वीसेक मीटरच्या पट्ट्यात फिरत होते. सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी परत असे वाचून सरासरी काढली, तेव्हा कुठे जाळीच्या जवळ आलं. उघड्या माळावर, कड्यापासून दूर, हाच फोन चार-पाच मीटरच्या आत बोलतो.

या खेळाचा जन्मच या अचूकतेतून झालेला आहे. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला. त्याआधी शंभरेक मीटरच्या चुकीवर करवंदीच्या जाळीतला पाइप कोण शोधणार होतं?

२१ डिसेंबर, महाबळेश्वर

सातारहून मेढ्यामार्गे पहाटे निघालो आणि घाटात धुक्याने अडवलं. ऊन चढेपर्यंत केळघरला चहावर बसलो. गव्यांमुळेही या रस्त्याला अंधारात घाई करण्यात शहाणपण नाही.

वरचा डबा, म्हणजे क्लिपचा, मामांच्या शेताच्या खालच्या बांधावर ठेवला. रचलेल्या दगडांचा बांध आहे. एक दगड काढून पोकळीत डबा, पुढे तोच दगड. डब्याला काळा रंग दिला होता, दिसू नये म्हणून. इथे आकाश मोकळं, आकडे पहिल्याच वाचनात जमले.

रात्री मुक्काम. मामी म्हणाल्या, "आज वारं नाही, आभाळ निवळ आहे. उद्या बघ पांढरं दिसतंय का."

२२ डिसेंबर

दिसलं. सात वाजता ओसरीवरच्या थर्मामीटरवर पारा ५ अंशांवर होता आणि खालच्या वाफ्यांत पानं पांढरी. स्ट्रॉबेरीच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. त्या प्रत्येक दात्याच्या टोकाला साखरेच्या दाण्याएवढा खडा जमला होता, पानाचा मधला भाग मात्र हिरवाच. मल्चिंगच्या प्लास्टिकवर पातळ पापुद्रा, नखाने ओढला की कागदासारखा सुटत होता. जीपच्या टपावर तसाच.

हवा ५ अंशांवर असताना दव गोठतं, कारण थर्मामीटर ओसरीखाली, माणसाच्या उंचीवर असतो. वारा नसलेल्या निरभ्र रात्री पानं, गवत, पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. शिवाय गार हवा जड, ती उतरत उतरत तलावाच्या सखल भागात साचते. म्हणूनच हिमकण दरवर्षी वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडेच आधी दिसतात, वरच्या बाजारपेठेत नाहीत.

डबा ठेवलेला बांध नेमका शेताच्या सगळ्यात खोलगट टोकाला. पुढचा दगड हलवला तर डब्याच्या क्लिपा बर्फाने जाम. भावाची सूचना इथे जशीच्या तशी लागू पडली. ओढलं नाही, थांबलो. साडेआठला ऊन बांधावर आलं आणि पाच मिनिटांत क्लिपा आपोआप सुटल्या. पेन्सिल चालली, जेल पेन चाललं नाही.

२९ डिसेंबर

सातारच्या मित्रमंडळींना वरच्या डब्याचे आकडे दिले. दोन गाड्या निघाल्या. थोड्या वेळाने फोन आला: "ताई, पिन कोकणात दाखवतंय, चिपळूणच्याही पलीकडं. बरोबर आहे का?"

नवीन माणूस इथे हमखास अडकतो, म्हणून नीट लिहिते. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात. फोनचा नकाशा दशांश अंशांत बोलतो. उदाहरणाला महाबळेश्वर गावाचे आकडे घेऊ (डब्याचे नव्हेत): दशांश अंशांत १७.९२३७ उत्तर, ७३.६५८६ पूर्व. अंशानंतरच्या भागाला ६० ने गुणलं की मिनिटं मिळतात. ०.९२३७ गुणिले ६० म्हणजे ५५.४२२, आणि ०.६५८६ गुणिले ६० म्हणजे ३९.५१६. तर तीच जागा १७° ५५.४२२′ उत्तर, ७३° ३९.५१६′ पूर्व. मंडळींनी अंशाचं चिन्ह काढून तिथे नुसता टिंब दिला, १७.५५४२२ आणि ७३.३९५१६. तो बिंदू मूळ जागेच्या नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर, सह्याद्री उतरून खाली, चिपळूणच्या पश्चिमेला पडतो.

तेव्हापासून आकडे दोन्ही पद्धतींनी लिहून पाठवतो. मिनिटांच्या तिसऱ्या दशांशाचं एक घर म्हणजे जमिनीवर दोन मीटरहून थोडं कमी. त्याच्या पुढे अंक लिहिण्यात अर्थ नाही, फोनच तितका अचूक नसतो.

डबा अखेर दुपारी सापडला.

५ जानेवारी

वरच्या डब्याची वही ओली. पानं एकमेकांना चिकटलेली, नावं पुसटलेली. पाऊस नाही, पाटाचं पाणी तिथे पोचत नाही. क्लिपा चारही लागलेल्या.

बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. आतल्या हवेतलंच दव असेल असं आधी वाटलं, पण अर्धा लिटर हवेत पाणी असून असून किती? मोजके मिलिग्रॅम, त्याने पान ओलं होत नाही. मग झाकणाच्या कडेला झिपच्या पाउचचं टोक दिसलं, रबरी कड्यावर आडवं आलेलं. केसाएवढी फट. दिवसा काळा डबा दुपारच्या उन्हात तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. संध्याकाळी डबा निवला की हवा परत आत ओढली जाते आणि झाकणाच्या खाचेत साचलेलं दव तिच्याबरोबर आत जातं. एका रात्रीत थेंबभर, पण रोज रात्री.

उपाय तीन केले. पाउच डब्यापेक्षा बराच लहान घेतला, म्हणजे टोक वर येतच नाही. काळा रंग खरवडून काढला. दगडामागे डबा दिसत नाही, रंगाची गरजच नव्हती. आणि झाकणाच्या आत कागद चिकटवला: "बंद करण्याआधी कडं बोटाने पुसा. ओल्या हाताने वही धरू नका." सकाळी दवातून चालत आलेल्या माणसाची बाही कोपरापर्यंत ओली असते हे आता कळतंय.

माळावरचा पाइप याच दिवसांत ठणठणीत कोरडा होता. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे आहेत, त्याचा गुण. पण पाइपमधली वही गुंडाळलेली राहते, उलगडून लिहायला दोन्ही हात आणि मांडी लागते, आणि परत घालताना पानं फाटतात.

१२ जानेवारी

आज मामींचा फोन, आवाज काळजीतला. फळं तोडायला येणाऱ्या बायकांना डबा सापडला होता. त्यांनी काम थांबवलं.

सापडला कसा, तर दवातून. पहाटे गवत दवाने पांढुरकं असतं आणि त्यातून कुणी चाललं की पावलांची हिरवीगार रेघ उठते. त्याच पहाटे, बायका येण्याआधी, कुणी शोधायला येऊन गेलं होतं. रेघ पायवाट सोडून सरळ बांधाच्या एका दगडापाशी जाऊन थांबलेली. बायकांनी दगड हलवला. आत मण्यांची माळ, जुनं नाणं, काचेच्या बांगड्या.

मी दुपारी पोचले. त्यातल्या वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, "ताई, लेकराबाळांचं घर हाय. असलं कायबाय बांधाला ठेवू नगा. आमी हात लावला, आता रातभर झोप न्हाई."

करणीची भीती ही त्यांच्या लेखी खरी भीती आहे, आणि तिच्याशी वाद घालायला मी गेले नव्हते. सगळ्यांच्या समोर डबा उघडला, एकेक वस्तू हातात दिली, वही वाचून दाखवली. पुतणीने फोनवर ठिपका दाखवला आणि एका मावशीच्या मुलीला घेऊन शेताच्या वरच्या टोकापासून परत डब्यापर्यंत चालत आणलं. त्या मुलीने वहीत नाव लिहिलं, शाळेचं आणि इयत्तेसकट. मग मावशींनी बांगड्या बाजूला काढून मामींच्या हातात दिल्या, "ह्या तेवढ्या नगा ठेवू." काढल्या. माळ आणि नाणंही काढलं.

आता डब्यात गोट्या, खोडरबर, बिल्ले, साखळी. पाइपमधूनही बांगडी काढली. डबा पारदर्शक, आणि वर ठळक मराठीत चिकटवलेला मजकूर: "हा शोधण्याचा खेळ आहे. जमीनमालकांच्या परवानगीने ठेवला आहे. आत वही आणि खेळणी आहेत. पाहा आणि जागेवर ठेवा." खाली माझा फोन नंबर. जमीनमालकाला विचारणं पुरत नाही. त्या जमिनीवर रोज राबणाऱ्या माणसांना पहिल्या दिवशी डबा दाखवायला हवा. हे मी या सगळ्या नोंदींतलं सर्वांत महत्त्वाचं मानते.

१९ जानेवारी

वरचा डबा हलवला. त्याच बांधाला, पण वीसेक पावलं चढावर, जांभळाच्या झाडाखाली. झाडाचा पसारा वर असला की खालच्या वस्तूची उष्णता सरळ आकाशाकडे जात नाही. दुसऱ्या सकाळी खोलगट टोकाला गवत पांढरं होतं आणि जांभळाखाली नुसतं ओलं. क्लिपा सुटसुटीत.

इथे पायवाट बांधाला लागूनच जाते, त्यामुळे दवातली रेघही वाटेतच विरते. शोधणाऱ्यांसाठी सूचना बदलली: सकाळी नऊच्या आत येऊ नये. नऊनंतर दव वाळलेलं असतं, बायकांचं काम सुरू झालेलं असतं, येणारा माणूस सगळ्यांना दिसतो. झाडाखाली आकडे थोडे हलतात, म्हणून खुणेची ओळ स्पष्ट केली. शोधण्याचा अवघडपणा पाचपैकी दीड, वाटेचा चढही पाचपैकी दीड.

२ फेब्रुवारी

माळावर वणवा लागला. रात्री यवतेश्वरच्या उतारावर लाल रेघ घरून दिसत होती. नवं गवत चांगलं फुटतं या समजुतीने लावतात, किंवा कुणाची विडी पडते. मालकांनी डिसेंबरातच गोठ्याभोवती जाळपट्टा काढला होता, गोठा वाचला.

सकाळी गेलो तेव्हा जमीन अजून गरम होती. करवंदीची जाळी म्हणजे काळ्या काड्या. पाइप वाकून जमिनीला चिकटलेला, आट्यांचं झाकण ओघळून आटे बुजलेले. आत वहीचा काळा गुंडाळा, मधल्या पानांवर दोन नावं वाचता येत होती. पुतणी ती पानं घेऊन बराच वेळ बसली होती, एक नाव तिच्या मैत्रिणीचं होतं.

जळालेलं प्लास्टिक सगळं वेचून परत आणलं. आपण ठेवलेली वस्तू आपणच उचलायची.

भावाच्या सूचनांत आग नव्हती, असणारही नाही. आपल्याकडे कोरडी थंडी म्हणजेच वणव्याचे दिवस: डिसेंबरात गवत पिवळं पडतं आणि संक्रांतीनंतर कुठूनही पेट घेतं. जाळी, गवत, पोकळ खोड, पालापाचोळा या सगळ्या लपवायला सोप्या जागा, आणि पहिल्या जळणाऱ्याही त्याच.

९ फेब्रुवारी

माळावर नवा डबा. या वेळी स्टीलचा, रबरी कड्याच्या झाकणाचा, छोट्या मुलांच्या शाळेच्या डब्याएवढा: २६० रुपये. जागा मालकांच्या जुन्या दगडी बांधात, जिथे दोन हातांवर गवत नाही आणि खाली उघडा कातळ आहे. वणव्याच्या रात्री त्या कातळाशी येऊन आग थांबली होती, दगडांवर काजळीसुद्धा नाही. स्टीलवर जीपीएस चालत नाही अशी एकाने शंका काढली. जीपीएस फोनमध्ये असतो, डब्यात नाही, डबा कशाचाही चालतो.

कड्यापासून अंतर वाढल्यामुळे आकडेही स्थिर झाले. अजिंक्यताऱ्यावरच्या प्रश्नाचं गणित नव्या जागेसाठी परत जुळवलं, त्यात एक संध्याकाळ गेली. गडावरच्या आग्या मोहोळांबद्दल प्रश्नाबरोबर एक ओळ घातली: अत्तर लावून येऊ नये, धूर करू नये, पोळ्याखाली थांबू नये.

१६ फेब्रुवारी

वरचा डबा उघडला. जांभळाखाली वही कोरडी, कागद करकरीत. वहीत आता मामांच्या वस्तीतल्या मुलांची नावं जास्त आहेत, बाहेरच्यांची कमी. एका मावशींनी सांगितलं, परवा दोन पर्यटक वाफ्यातून चालले होते, त्यांना त्यांनीच हाक मारून बांधावर आणलं आणि डबा कुठल्या बाजूला आहे ते मात्र सांगितलं नाही.

जगभरच्या अधिकृत यादीत वरचा डबा नोंदवायचं मामांनी कबूल केलंय, कामाच्या वेळा पाळल्या जाणार असतील तर. तिथे दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, तो प्रश्न आपल्याला नाही. मालकाची परवानगी आणि डब्याची देखभाल करणारं जवळचं माणूस, दोन्ही आहे.

खर्च, पेट्रोल सोडून, जळालेल्या पाइपसकट ६७५ रुपये.

पावसाळ्याचं स्वतंत्र बघावं लागेल. महाबळेश्वरात जूनपासून जे कोसळतं त्यात दगडी बांधच सरकतात, मामा दरवर्षी एखादा कोपरा परत रचतात. म्हणून वरचा डबा मे महिन्याच्या मध्याला, पावसाळ्याच्या आधी काढायचा, वही मामींच्या कपाटात, आणि यादीत "तात्पुरती बंद" अशी खूण करायची. स्ट्रॉबेरीची नवी रोपं ऑक्टोबरात लागली की परत जांभळाखाली.